आत्याचा भाता

माझ्या आत्याचे हात थरथरतात. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात दोन वर्षं दुसरा विषयच नव्हता. तिच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला की बाबा माझ्याकडे बघत, आई खिडकीबाहेर बघे, आणि आत्या सगळ्यांकडे बघून म्हणे, "कप वाजतोय, मी नाही."

चाळीस वर्षं तिने पुस्तकं बांधली. गल्लीच्या टोकाला आमचं बायंडिंगचं दुकान. काढलं आजोबांनी, चालवलं तिने. बाबा तिचे धाकटे भाऊ. ते नोकरीतून निवृत्त झाले आणि निवृत्त माणसाला इतरांना निवृत्त करायची भारी हौस असते. "ताई, आता पुरे," ते म्हणाले. "एक मोबाइलवाला जागा मागतोय. तुझ्या हातांनी बारीक काम व्हायचं नाही आता."

"होतं की नाही ते मी ठरवीन," आत्या म्हणाली.

त्याच आठवड्यात रद्दीवाल्याकडून आणलेल्या गठ्ठ्यात तिला एक जुना घडीचा कॅमेरा सापडला. बंद असला की जाडजूड डायरीएवढा. कळ दाबली की झाकण खाली पडतं, भिंग पुढे येतं आणि त्याच्यामागे घड्याघड्यांचा काळा कापडी भाता ताणला जातो. म्हणजे, तसं व्हायला हवं. या कॅमेऱ्याचा भाता फाटला होता, भिंगाभोवतीची फोकसची चकती जाम होती आणि शटर दाबलं की अर्ध्यावर येऊन विचारात पडायचं. बाबांनी कपाळाला हात लावला.

"यातून एक स्वच्छ फोटो काढून दाखव," ते हसत म्हणाले, "दुकानाचं नाव काढणार नाही. नाहीतर पहिल्या तारखेला किल्ली माझ्याकडे."

"चालेल," आत्या म्हणाली. "आणि फोटोत बसायचं तू."

दुकानाशिवायची आत्या मला डोळ्यांसमोर आणताच येईना.

ती मात्र हट्टाला पेटली. हात थरथरतो तो हवेत, हे तिने कधीच हेरलं होतं. म्हणून मनगट पुस्तकं दाबायच्या लोखंडी प्रेसच्या कडेवर टेकवायचं आणि नुसती बोटं चालवायची. भिंगाच्या चकतीतलं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. लायटरचं पेट्रोल थेंब थेंब सोडून तिने ते तीन दिवसांत सोडवलं, आणि अडखळणारं शटरही त्यानेच मोकळं केलं. फिल्मच्या जागी बटर पेपर ताणून धरला, तर समोरच्या घराची खिडकी त्यावर उलटी उमटली. "ये, बघून जा," तिने मला हाक मारली. तिचा चेहरा इतका खूश मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

भात्याची तिला चिंताच नव्हती. कापड आणि पुठ्ठा तर तिच्याच घरचा. तिने घड्या पाडल्या, बायंडर घडी दाबायला वापरतात त्या हाडाच्या पट्टीने घासघासून करकरीत केल्या, भाता चिकटवला आणि अख्खा रोल संपवला. धुऊन आला तेव्हा आठही फोटोंवर पांढरे पट्टे. बाबा दिवसभर शीळ घालत फिरले. मला त्यांचा असा राग आला!

आत्याने मला न्हाणीघरात नेलं, दार लावून अंधार केला आणि भात्यात टॉर्च पेटवून ठेवला. भात्याच्या प्रत्येक कोपऱ्यातून उजेड झिरपत होता. चाळणी झाली होती नुसती.

"बायंडरची खोड," ती म्हणाली. "पुस्तकाची घडी करकरीत लागते. हा रोज उघडणार, मिटणार. याला करकरीत घडी म्हणजे चीरच. चाळीस वर्षं जे शिकले तेच नडलं बघ." मग नाक पुसून म्हणाली, "नवं कापड काढ. पातळ."

या वेळी तिने घड्या बोटांनीच पाडल्या, ढिल्या. आतल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कोपऱ्याच्या अलीकडेच थांबवल्या, म्हणजे कोपरे मऊ राहतील. हाडाची पट्टी हातात घ्यायचा मोह तिला होत होता, म्हणून ती तिने माझ्या पर्समध्ये टाकली. टॉर्चची परीक्षा झाली. अंधार.

पहिली तारीख चार दिवसांवर आली होती. आत्याने कॅमेरा प्रेसवर ठेवला, दाबताना कॅमेऱ्याला हात लागू नये म्हणून शटरला लांब तार जोडली, कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल काचेत फिल्मचा एकचा आकडा येईपर्यंत रोल फिरवला आणि भिंगापासून बाबांच्या नाकापर्यंत टेप धरून अंतर मोजून चकती तेवढ्यावर लावली. "एक सेकंद हलायचं नाही," तिने बजावलं. बाबांनी टेबलावरची दुकानाची किल्ली उचलली आणि बोटावर फिरवायला लागले. आत्याने तार दाबली.

किल्ली त्यांनी खिशात घातली. "निकाल लागेपर्यंत असू दे माझ्याकडे."

फोटो आला तो बाबांनीच आधी ओढून घेतला. "हा बघ!" ते ओरडले. "हललाय! हाताच्या जागी नुसतं धुकं आहे!"

आत्याने शांतपणे त्यांना वाचायचं भिंग दिलं. "मागच्या फळीवरच्या पुस्तकांची नावं वाच."

बाबांनी वाचलं. एक नाव, दुसरं, तिसरं. पाठीवरचं अक्षर न् अक्षर रेखीव. त्यांच्या चष्म्याची काडी, शर्टाचं तुटकं बटण, खळीच्या ब्रशचा एकेक केस. नाहीत ती फक्त त्यांची बोटं, आणि किल्ली.

"आता सांग," आत्या म्हणाली, "हात कोणाचा हलला?"

आत्याने तळहात पुढे केला. तो थरथरत होता आणि तिने तो लपवला नाही. बाबांनी खिसा चाचपला, किल्ली काढली आणि त्या हातावर ठेवली.

"फोटो स्वच्छ आलाय," ती म्हणाली. "तू तेवढा नीट बसायला शीक." आणि दुकान उघडायला गेली.