धुऱ्याच्या पलीकडं पाय नाही

रेल्वेच्या नादी लागलेल्या माणसाजवळ पाच मिनिटं बसा, तो तुमाले एक किस्सा सांगन. दहा मिनिटं बसा, तं चार सांगन. चहा पाजला तं तुमचीच गाडी सुटन. आमच्या पांढुर्ण्याच्या मंडळीजवळ इतके साचले का त्यातले काही घरी सांगताच येत नाही. मी मात्र सांगतो, कारण त्यातले अर्धे मी भांडून मिळवले आहेत.

मी नगरपालिकेत आहे, सकाळी नळ सोडतो. रविवारी नळ बंद केले का आम्ही तिघं तिगावले जातो. मी, शालिकराम भाऊ अन् सौंसरचा विनोद. तिगावच्या पुढं घाट लागते. भरलेली मालगाडी चढत नाही, म्हणून मागून ढकलाले जास्तीचे इंजिन लावते, त्याले बँकर म्हणते. ते पाहाले माणूस जवळ जाते, अजून जवळ जाते, अन् मंग पटरीवरच उभा राहते. माहं भांडण तेवढ्याच गोष्टीशी आहे.

*

शालिकराम भाऊ टेलर आहे, दुकान स्टेशनाजवळ. एकदा गिऱ्हाईकाची छाती मोजून राहिला होता. तेवढ्यात हॉर्न वाजला. "हे इंजिन आपल्या लाइनचं नोहे," म्हणे, अन् गळ्यात टेप घेऊन जे पळाला ते पळाला.

गिऱ्हाईक बिचारा हात पसरून तसाच उभा. पंधरा मिनिटांनी भाऊ आला, घाम पुसला अन् त्यालेच विचारते, "किती सांगतली होती तुमी छाती?"

*

हा हसाचा झाला. दुसरा मले अजून स्वप्नात दिसते.

घाट चढणाऱ्या मालगाडीचा व्हिडिओ काढाले भाऊ बाजूच्या पटरीवर उभा होता. तिकडं गाडीचा इतका आवाज का मागून त्याच्याच पटरीवर दुसरी येऊन राहिली, ते त्याले ऐकूच नाही आलं. मी धावलो, कॉलर धरली अन् वढला. दोघंही गिट्टीवर पडलो. माह्या हातात त्याची कॉलर राहिली.

माणूस उपकार मानन का नाही? हा कॉलरकडं पाहून म्हणते, "एक शर्ट शिवून पाह्य, मंग समजन तुले." संध्याकाळी फोन करून अजून सुनावलं, "तुह्या शिव्यांनं सारा व्हिडिओ खराब झाला."

त्या राती मले झोप नाही लागली. एक दिवस हा माणूस माह्या डोळ्यासमोर जाईन, मंग मी वहिनीले काय सांगू, पोरीले काय सांगू? सकाळी उठून ठरवलं. लाइनीच्या बाजूनं संत्र्याचा बगीचा आहे, त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहाचं. धुऱ्याच्या पलीकडं पाय नाही. कोणी कितीही रुसो.

*

नागपूरचे एक साहेब आले, गळ्यात दोन कॅमेरे. सरळ पटरीजवळ गेले अन् गिट्टीत तीन पायाचा स्टँड रोवला. मी म्हटलं, साहेब, इकडं या. ते म्हणे, "मी रेल्वेचा चाहता आहे, चोर नाही."

म्हटलं, "इंजिनाले ते कसं समजन?"

ते हालेनात. मी स्टँड कॅमेऱ्यासकट उचलला अन् धुऱ्यावर आणून ठेवला. कॅमेऱ्यामागं साहेब आपोआप आले.

*

नियम मोडला तं शिक्षाही पाहिजे. लाइनीकडं पाठ करून तीन गाड्या बसाचं, अन् वळून पाहाचं नाही. पहिला सापडला विनोद. टोपी उडाली म्हणून धुऱ्याखाली उतरला होता.

बसला पाठ करून. मालगाडी गेली. हा डोळे मिटून म्हणते, "पुढं दोन इंजिनं, मागं दोन बँकर, अन् मधातल्या एका डब्याचं चाक घासून चपटं झालं आहे. टकटक करून राहिलं." मी इंजिनं मोजली होती, चाकाचं मात्र मले काहीच समजलं नोयतं.

पुढच्या रविवारी मी अन् शालिकराम भाऊ न सांगता पाठ करून बसलो. भाऊले बँकर बरोबर सांगता आले. मले नाही.

*

आता सोनलचं सांगतो. सोनल म्हणजे शालिकराम भाऊची पोरगी. लहानपणापासून बापाच्या तोंडून गाड्या ऐकल्या, अभ्यास केला, अन् पोरगी असिस्टंट लोको पायलट झाली, म्हणजे इंजिनात ड्रायव्हरच्या जोडीले. भाऊनं दुकानात येईन त्याले पेढा दिला. शर्ट फाटला म्हणून भांडाले आलेल्यालेही दिला.

ट्रेनिंग संपलं अन् ती पहिल्यांदा आमच्या घाटातून मालगाडी घेऊन येणार होती. सकाळीच तिचा फोन आला, "बाबा, धुऱ्यावरच राहजा. तिथून मले दिसता तुमी."

आम्ही सारे धुऱ्यावर. वहिनी नवं पातळ नेसून आली होती. गाडी वळणावर दिसली, अन् मी बाजूले पाहतो तं भाऊ नाही! खाली बाजूच्या पटरीवर मोबाइल वर धरून उभा. मी बोंबललो, वहिनी बोंबलली. पण सोनलच्या गाडीचा हॉर्न असा लागला का आमचा आवाज आम्हालेच ऐकू नाही आला. इंजिन भाऊच्या समोरून गेलं. सोनलनं हात नाही हालवला. समोरच पाहून राहिली होती, अन् हॉर्न सोडत नोयती.

भाऊ वर आला तं डोळे वाहून राहिले होते. "पाह्यली का? पाह्यली का माही पोरगी?" मी त्याच्याशी बोललो नाही. वहिनी तं दोन दिवस बोलली नाही.

सोनलचाही फोन नाही.

तिसऱ्या दिवशी दुकानात रेल्वे पोलीस आला, हातात कागद. मी तिथंच बसलो होतो. म्हणे, गाडीच्या स्टाफनं लिहून दिलं, पटरीवर माणूस होता. "ऐसी शिकायत तो आज तक नहीं देखी. नाम, बाप का नाम, दुकान का पता, मोबाइल नंबर. नीचे ये भी लिखा है, हर रविवार तिगाव में मिलेंगे, माफी मांगेंगे, छोड़ना मत."

भाऊनं मशीन थांबवली. चष्मा लावला. कागद वरून खालपर्यंत वाचला, मंग खालच्या सोनलच्या सहीवरून बोट फिरवलं.

"साहेब, येतो मी तुमच्यासंग," म्हणे. "फक्त याची एक झेरॉक्स भेटन का?"