चिमट्यानं उघडलेली डबी

आमच्या शेजारी चिमटा राहते. खरं नाव आहे तिला, पण जिन्यात आणि तिच्या ऑफिसात सगळे चिमटाच म्हणतात. हे नाव पाडलं कुणी, असं मला विचाराल तर मी खिडकीबाहेर बघेन.

दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, हा तिचा धंदा. आम्ही हे काम फुकट करतो, तिला त्याचा पगार मिळतो. तिची कंपनी खिशात मावणाऱ्या वाय-फायच्या डब्या बनवते. जिथे वायर पोचत नाही तिथे डबी चालू करायची, की घरातले सगळे फोन जोडता येतात. नवी डबी बाजारात जाण्याआधी चिमट्याच्या टेबलावर येते. ती ‘पास’ म्हणेपर्यंत डबी दाराबाहेर पडत नाही.

आता गंमत ऐका. डबीच्या आतला प्रोग्रॅम लिहितो तिचा सख्खा धाकटा भाऊ. घर एक, ऑफिस एक, आणि बोलणं कित्येक वर्षं बंद. का, तर धाकट्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलीचे वडील सहज म्हणाले, “मुलगा हुशार दिसतो.” चिमटा म्हणाली, “दिसतो खरा. एकाच वर्गात दोन वर्षं बसलाय.” खोटं नव्हतं हो, पण विचारलं होतं कुणी? सोयरीक तिथल्या तिथे मोडली.

तेव्हापासून घरातलं सगळं बोलणं आईमार्फत. आईच मला मागाहून सांगायची: धाकटा तिच्या कानाशी जाऊन धुसफुसायचा, “त्या महामायेला सांग, नळ बंद करायला हात झडलेत का.” आई पलीकडे जाऊन म्हणायची, “नळ बंद कर गं, तो म्हणतोय.” चिमट्याकडून परत येणारं विषही असंच वाटेत गाळलं जायचं. दोघांनाही नीट पुरी शिवी कधी मिळालीच नाही.

अशात धाकट्याला मालकानं शब्द दिला. घरोघरी जाऊन रुग्ण तपासणाऱ्या आणि तिथूनच रिपोर्ट पाठवणाऱ्या नर्सबायांसाठी नवी डबी निघाली होती. ती सोमवारी रवाना झाली तर विभागप्रमुखाची खुर्ची धाकट्याची. आणि शुक्रवारी चिमट्यानं ती डबी नापास केली.

आई नेमकी बहिणीकडे राहायला गेलेली. रविवारी दुपारी धाकट्याचा बांध फुटला. आमच्यातली भिंत इतकी पातळ, की तिकडे कुणी शिंकलं तर इकडे मी नाक पुसतो. त्यामुळे कान लावावा लागला नाही.

“आधी माझं लग्न खाल्लंस, आता खुर्ची खा!”

“खुर्चीचं सोड, डबी बघ. भिकार आहे.”

“काय भिकार आहे? दाखव ना!”

इथे मला अचानक साखर लागली. वाटी घेऊन मी त्यांच्या दारात. दोघांपैकी कुणीही माझ्याकडे बघितलं नाही, म्हणून मी आत जाऊन बसलो.

“डबीचं नाव बदलायचं जे पान आहे ना,” चिमटा म्हणाली, “तिथे लांबलचक नाव पाठवलं की ती आडवी होते.”

“लांब नाव तिथे टाइपच होत नाही, शहाणे! पानावरच अडवलंय मी. कर टाइप!”

“मी पानावरून कशाला येऊ? चोर काय बेल वाजवतो?”

तिनं लॅपटॉप पुढे ओढला. पाहुण्यानं जोडावा तसा डबीला जोडला, आणि पान न उघडताच हे भलं मोठं नाव थेट आत पाठवलं. डबीचा दिवा विझला.

“मग काय झालं? बंद करून चालू करायची. हेल्पलाइनवाले तेच सांगतात,” धाकटा म्हणाला, पण आवाज जरा खाली आला होता.

चिमट्यानं डबी चालू केली, नावाच्या शेपटाची अक्षरं बदलली आणि पुन्हा पाठवलं. या वेळी दिवा विझला नाही. पासवर्ड न मागता डबीनं तिला मालकीण समजून सगळी सेटिंग्ज उघडून दिली. तिनं डबीचं नाव बदललं. माझ्या फोनवरही दिसलं: ‘धाकटा बैल’. मला ठसका लागला.

झालं होतं ते असं. डबीच्या मेमरीत नावाला ठराविक जागा. नाव मावतंय का, हे फोनवरचं पान मोजतं. आतला सर्व्हर, म्हणजे ते नाव उतरवून घेणारा डबीतला प्रोग्रॅम, मात्र पुन्हा मोजत नाही, येईल ते ओतत सुटतो. जागा भरली की उरलेलं शेजारी सांडतं. आणि शेजारी या महाशयांनी काय ठेवावं? पासवर्ड बरोबर होता की नाही, त्याची खूण! चिमट्यानं ती खूणच पुसून आपली लिहिली.

“आत का नाही मोजलंस?”

“बाहेर मोजलं होतं ना!”

“सगळीकडे आपली आई बसलीये का दारात, गाळून द्यायला?”

धाकट्याचे कान लाल झाले. “विषारी आहेस तू, ताई.”

“असेन. उद्या माझ्या डोक्यावरून मालकाकडे जा आणि घे पास करून. मी अडवणार नाही. मग कुठल्या म्हातारीचे रिपोर्ट तिच्या शेजारचा टवाळ चघळत बसला, की तू खुर्चीत पाय पसरून बस.”

सोमवारी धाकटा खरंच मालकाकडे गेला, आणि डबी तयार नाही म्हणाला. मालकानं त्याला भर ऑफिसात फाडून खाल्लं. खुर्ची मिळाली ती त्या गृहस्थाला, ज्याला डबी कुठल्या बाजूनं उघडते हेही ठाऊक नाही.

धाकट्यानं प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. आता आतला सर्व्हर स्वतः मोजतो आणि लांब नाव आलं की नाकारतो. चिमट्यानं पाठवून बघितलं. डबीनं उत्तर दिलं: ‘नाव फार लांब आहे. तोंड आवर.’ तिनं ती डबीही नापास केली. ‘तोंड आवर’ काढल्यावर मगच पास झाली.

आभार वगैरे काही नाही हं. धाकटा जिन्यात मला म्हणाला, “तिनं माझं वाटोळं केलं.” चिमटा म्हणाली, “वाटोळं त्यानंच केलं होतं. मी फक्त दिवा धरला.”

आई परत आली तेव्हा दोघांची जुंपलेलीच होती.

“नळ बंद कर, महामाये!”

“तुझे हात झडलेत का, बैला?”

आई पिशवी खाली ठेवून सवयीनं मध्ये उभी राहिली. तिला कुणी काही सांगेना. शेवटी माझ्याकडे येऊन बसली. “भावजी, मी बहिणीकडे काय गेले, माझी नोकरीच गेली हो.”

“वहिनी,” मी म्हणालो, “तुमच्या कानात कुजबुजायचे तेव्हा इकडे काही ऐकू यायचं नाही. आता कसं, सगळं नीट ऐकू येतं.”