शेवट तेवढा बघणाऱ्या यमुनाबाई

आमच्या वडशाच्या दवाखान्यातल्या यमुनाबाई नर्स सिनेमाचा फक्त शेवट बघत. काम आटोपून त्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत पोचेपर्यंत शेवटचं रीळ लागलेलं असे. दारावरच्या माणसाची तिन्ही लेकरं त्यांच्याच हातून जन्मलेली, तेव्हा तिकीट कोण मागणार? दुसऱ्या दिवशी त्या मला शाळेच्या वाटेवर गाठत. "मास्तर, सुरवात सांगा ना जी. शेवट मले मालूम हाये." चांद्याच्या एका साप्ताहिकात मी सिनेमांवर लिहीत असे आणि त्याचा तोराही मिरवीत असे. माझं सगळं ऐकून त्या म्हणत, "एवढं रामायन काऊन केलं त्यानं?" माझ्या परीक्षणापेक्षा ते नेमकं असे, पण तेव्हा मी ते कबूल केलं नसतं.

एका हिवाळ्यात महायुद्धातल्या गुप्तहेराचा एक गाजलेला इंग्रजी सिनेमा आला. नागपूरच्या पत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. शेवटाला मात्र सगळ्यांनी नाकं मुरडली होती. कागदोपत्री मेलेला हेर दहा वर्षांनी एका स्टेशनावर बायकोपुढे उभा राहतो, असा तो शेवट. मीही सुरात सूर मिसळून लिहिलं, 'असा माणूस परत येत नाही. ही प्रेक्षकाची शुद्ध फसवणूक आहे.' हे वाक्य मला फार आवडलं होतं.

अंक आला त्या दिवशी मधल्या सुट्टीत यमुनाबाई शाळेत आल्या. त्यांचे यजमान युद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ट्रक चालवायला गेले होते. सरकारचं एकच पत्र आलं होतं, बेपत्ता म्हणून. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. लिहिताना मलाच तेवढं आठवलं नाही. तो शेवट बघायला त्या लागोपाठ तीन दिवस येत होत्या, हे मला नंतर कळलं.

"मास्तर, तुमी बर्मा पाह्यला काय?"

"नाही."

"मंग तुमाले कसं मालूम, येत नाई म्हनून?"

आवाज चढला नव्हता. मला मात्र मान वर करवेना.

पुढच्या अंकासाठी मी त्याच सिनेमावर पुन्हा लिहिलं. संपादक वैतागले, पण त्यांनी छापलं. युद्धात कागद चुकतात, माणसं परततात, तो शेवट खरा आहे, असं मी लिहिलं. त्यातल्या एकाही शब्दावर माझा विश्वास नव्हता.

यमुनाबाईंनी ते माझ्यासमोरच बोट ठेवून सावकाश वाचलं. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "पयलंच खरं होतं, मास्तर. मलेबी मालूम हाये. पन कोनी एकानं तरी लिवाले पायजे होतं, मानूस वापस येते म्हनून."

दोन वर्षांनी त्यांची सिरोंच्याला बदली झाली. जाताना त्यांनी नवा पत्ता स्टेशनमास्तरांना दिला, पोस्टात दिला आणि त्याचीच एक चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. "कोनी इचारलं तं सांगजा."

पुढे मला चांद्याच्या मोठ्या शाळेत जागा मिळत होती. स्टेशनमास्तर बदलून गेले होते, पोस्टातली माणसंही नवी होती. मी वडशातच राहिलो. सिरोंच्याहून त्या वारल्याची बातमी आली, तेव्हा पोरका झाल्यासारखा रडलो. त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. अजून कोणी विचारायला आलेलं नाही.