बाबांचा कडता

लढाई संपल्यावर विमानाची एक नवी कंपनी निघाली होती. तिचं विमान नागपूरहून मुंबईला जाताना अकोल्याला उतरायचं. रिठदच्या आमच्या घराला त्या विमानाशी काही देणंघेणं नव्हतं. पण दादा शिकायला मुंबईहून विलायतेला निघाला, त्याच्या बोटीची तारीख ऐनवेळी अलीकडे आली, आणि त्याला निरोप द्यायला बाबा आणि मी निघालो ती मोटार आमच्याकडच्या मालेगावच्या पुढे अशी बंद पडली की अकोल्याची मेल हुकलीच. पुढच्या गाडीनं गेलो असतो तर धक्क्यावर नुसतं पाणी दिसलं असतं. आईचा पाय मोडलेला. तिनं खाटेवर बसून डिंकाचे लाडू वळले होते आणि डबा बाबांच्या हाती देताना बजावलं होतं, "पोराच्या हातातच द्या."

म्हणून विमान.

तिथं माणसांनाही सामानासकट काट्यावर उभं करत. आम्ही बापलेक चढलो. कचेरीतला बाबू म्हणाला, वजन जास्त भरतं, डबा इथंच ठेवा. बाबांनी उभा जन्म रिसोडच्या बाजारात माल विकलेला. तिथं भरलं पोतं मोजलं की रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदान्याचं, वजन वजा करतात, त्याला कडता म्हणतात.

"माल मी हाव," बाबा म्हणाले. "कोट, जोडे, पागोटं हा बारदाना. त्याचा कडता कापा."

बाबूनं हात जोडून सांगितलं, की विमानाला बारदानाही उचलावा लागतो. अख्ख्या बाजारात बाबांचा कडता असा कुणी नाकारला नव्हता. मग त्यांनी सगळ्यात आधी काय उतरवलं, तर माझं गठुडं! माझं कोरं लुगडं होतं त्यात. मी खूप धुसफुसले, पण ऐकतो कोण. मग कोट गेला, गावात शिवलेले ते जडशीळ जोडे गेले. तरी थोडं जास्तच. शेवटी पागोटं उतरलं, तेव्हा बाबू हो म्हणाला.

विमानात बाबांनी डबा मांडीवरून हलवला नाही. भुसावळला चहाला थांबते का, एवढंच विचारलं. मला मात्र ज्या ओकाऱ्या लागल्या, त्या मुंबईत उतरल्यावरही थांबेनात.

धक्क्यावर दादा नवी साहेबी हॅट घालून उभा होता. त्याला लांबून दिसले ते बोडक्या डोक्याचे, अनवाणी बाबा, आणि मागून तोंडाला पदर लावून येणारी मी. आमच्याकडे बाप्या माणूस बोडका बाहेर पडतो तो घरात कुणी गेलं तरच. दादा मटकन खाली बसला आणि "आई" म्हणून असा रडला की जाणारेयेणारे थांबले. मी सांगायला तोंड उघडावं तर पुन्हा ओकारी येई.

बाबा धावले. डबा उघडून त्यांनी एक लाडू दादाच्या तोंडातच कोंबला. "जिती हाय तुही माय. तिनंच वळले. खाय."

दादा रडता रडता हसला आणि चावत राहिला. भोंगा झाला तसा तो पाया पडला, आपली हॅट बाबांच्या डोक्यावर ठेवली आणि डबा छातीशी धरून बोटीवर चढला.

बोट दिसेनाशी होईपर्यंत बाबा धोतर, बंडी आणि हॅट अशा थाटात उभे होते. मग डोळे पुसून मला म्हणाले, "आगगाडीनंच जाऊ, बाई. इमानवाले हे टोपी काट्यावर धरतीन, अन् मी काई हे उतरवत नाई."