दाव्यातली खोली

त्या दोघा भावांचं भांडण जुंपलं, तेव्हा शिवणाऱ्या मावशीच्या तोंडात टाचण्या होत्या. धाकट्याच्या पँटची दुमड धरून ती जमिनीवर बसलेली, आणि थोरले दारातूनच कडाडले,

"दावा चालू असताना खोली विकायला काढतोस?"

"माझ्या वाटणीची आहे, दादा. विकेन नाहीतर फुंकेन."

"वाटणी झालीय कुठे? ती कोर्ट ठरवेल."

"तोवर तुझे उरलेले चार केसही जातील!"

मावशीला हसू आलं, पण टाचण्या तोंडात असताना हसणं म्हणजे जिवाशी खेळ. तिने मुकाट्याने दुमड सरळ केली.

खोली म्हणजे ती बसली होती तीच. भाड्याची, रस्त्याकडची. खिडकी मात्र अशी, की दिवसभर उजेड मशीनच्या सुईवर. मावशीच्या डोळ्यांनी एव्हाना कुरकुर सुरू केली होती. "दुसरीकडे गेले, तर काज म्हणून बोट शिवेन," म्हणायची. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. या खिडकीपासून आपल्याला कोणी उठवू नये, एवढंच तिचं मागणं.

म्हणून धाकटा "मावशी, तुम्हीच घ्या ना" म्हणाला, तशी होतं नव्हतं ते घालून तिने घेतली. कानाने सगळं ऐकून? हो, ऐकून! पण तिचं शास्त्र निराळं. दोघे भाऊ वर्षानुवर्षं एकाच ताग्यातलं कापड आणायचे. एका ताग्याचं घालणारे कोर्टात कितीसे टिकणार? आज भांडतील, उद्या एका ताटात जेवतील. कापडावरून तिने माणसं बरोबर ओळखली असतीलही, दावा काही ओळखता आला नाही.

समेट झालाच नाही. निकाल लागला, खोली थोरल्यांची ठरली. धाकटा तोवर गाव सोडून गेलेला, फोन उचलेना.

"पण मी रीतसर घेतलीय, वकीलसाहेब. मला तर कोर्टाने बोलावलंही नाही."

"न बोलावताही निकाल तुम्हाला बांधतो, मावशी. दावा चालू असताना घेतलीत ना? विकणाऱ्याचाच हक्क टिकला नाही, तर तुमचा कुठून टिकेल? आता धाकट्याला धरा."

"धरते की. वारा धरायला शिकले की लगेच."

थोरले येऊन खाली मान घालून उभे राहिले. "वैर नाही हो तुमच्याशी. पण खोली आता मला लागणार. घेण्याआधी मला एकदा विचारायचंत."

"विचारलं असतं, तर तुम्ही नको म्हणाला असता," मावशी म्हणाली.

मशीन भाचीच्या घरी गेलं, जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. थोरल्यांचा एक शर्ट तेवढा राहिला होता, निकालाआधी बेतलेला.

भाची भडकली. "त्याचा शर्ट शिवतेस? फेक त्याच्या तोंडावर!"

"फेकायला आधी शिवून तर होऊ दे. कापड कापलं की ते पुरं करायचं, बाई."

शेवटची बटणं तिने रिकाम्या खोलीत, त्याच खिडकीशी बसून लावली. इस्त्री केली, कुलूप लावलं आणि शर्ट फडक्यात गुंडाळून थोरल्यांच्या घरी गेली.

"मावशी, आज?"

"आजचाच वायदा होता. घालून बघा."

त्यांनी घातला. तिने कॉलर मागून ओढून बसवली, खांद्यावरून हात फिरवला. "बाही धुतल्यावर जराशी आटेल. अंगावर बरा बसलाय."

मग तिने खोलीची किल्ली मेजावर ठेवली, आणि नेहमीसारखं आपलं फडकं मागून घेतलं, झटकलं, घडी घालून काखेत मारलं आणि जिना उतरली.