मास्तरच्या डोक्याची पट्टी

ती घटना आजही आठवते, पण त्यातला चोर मला नीट आठवत नाही. त्याचं तोंड, त्याचं गाव, त्याला किती शिक्षा झाली, सगळं पुसट झालंय. आठवतो तो ज्याने काहीच केलं नव्हतं, आणि ज्याला मी भर बाजारच्या दिवशी जीपमध्ये घालून ठाण्यात आणलं होतं. नोकरीत माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या. बहुतेकांवर नंतर पांघरूण पडलं. हिच्यावर पडलं नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात सीमेवरच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. ठाण्याचा कारभार तीन भाषांत चाले. फिर्याद कन्नडात लिहायची, फिर्यादी मराठीत बोलणार आणि आमचे जुने हवालदार शिव्या द्यायचे त्या दखनी उर्दूत. मी पस्तिशीचा, अंगात वर्दीची मस्ती भरपूर. माणूस दारातून आत आला की चालीवरून ओळखतो, असं मी चारचौघांत सांगत असे.

श्रावणात मादन हिप्परग्यात भर दुपारी एक घरफोडी झाली. घरची माणसं शेतात होती. म्हातारी काही विसरलं म्हणून परत आली, तर आत एक जण तोंडाला टॉवेल गुंडाळून पेटी उचकतोय. म्हातारी धीट. तिने कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि त्याच्या कपाळाच्या वर घातलं. चोर रक्ताळलेल्या डोक्याने पळाला, जाताना तिची बोरमाळ घेऊन गेला. उंबऱ्यावर रक्त सांडलेलं मी स्वतः पाहिलं. म्हणजे शोध सोपा होता. डोक्याला पुढच्या बाजूला जखम असलेला माणूस हवा.

सोपा तपास माणसाला आंधळा करतो, हे मला तेव्हा कुणी शिकवलेलं नव्हतं.

पाचव्या दिवशी खबर आली. खजुरीच्या बाजूच्या एका गावात एक न्हावी होता, आमचा जुना खबऱ्या. न्हाव्यासारखा खबऱ्या नाही. गावातलं प्रत्येक डोकं त्याच्या हाताखालून जातं आणि डोक्याबरोबर तोंडही मोकळं होतं. तो म्हणाला, "साहेब, आमच्या शाळंतला तरणा मास्तर हाय न्हवं, त्येच्या डोस्क्याला पट्टी हाय. वरनं टॉवेल बांधून फिरायलाय. खोलीतनं भाईर येईना झालाय."

मी चौकशी केली. मास्तर तेवीस वर्षांचा, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली, घरी फक्त आई. हेडमास्तरांना त्याने कळवलं होतं की आजारी आहे. आईला सांगितलं होतं की सोलापूरला ट्रेनिंग आहे. एकाच आठवड्याच्या दोन कहाण्या. घरफोडीच्या दिवशी तो गावात नव्हता, आणि परत आला तो डोकं बांधून. मला आणखी काय हवं होतं? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्या दिवशी मला फक्त कावळा दिसला.

त्याला खोलीतून उचलला तेव्हा त्याने प्रतिकार केला नाही. फक्त टॉवेल दोन्ही हातांनी धरून ठेवला. बाजारचा दिवस, रस्त्यावर गर्दी. आई जीपमागे चार पावलं आली आणि थांबली.

ठाण्यात मी त्याला सरळ विचारलं, डोक्याला काय झालं. तो म्हणाला, पडलो. कुठे पडलास? सोलापूरला. सोलापुरात कुठे? गप्प. कुणाकडे उतरला होतास? गप्प. दवाखान्याचा कागद? फाडून टाकला. कामून फाडला? पुन्हा गप्प. खरं सांगणारा माणूस अडखळतो, चुकतो, पण थांबत नाही. हा थांबत होता. मी मनात गुन्हा कबूल करून टाकला, त्याच्या वतीने.

जखम पाहायची तर महजर करावा लागतो. महजर म्हणजे पंचनामा, आमच्याकडे तोच शब्द चाले. त्यासाठी दोन प्रतिष्ठित पंच लागतात. मी त्याच्याच गावचे दोघे बोलावले. एक किराणा दुकानदार, दुसरा पंचायतीचा सदस्य. सदस्याला पाहून मास्तरचा चेहरा पांढरा पडला. तो हळू आवाजात म्हणाला, "साहेब, ह्या दोघायला भाईर पाठवा. तुमाला एकट्याला सगळं सांगतो. पाया पडतो तुमच्या."

आता माझ्या अनुभवाची गोष्ट ऐका. एकट्यात बोलायचंय म्हणणारा माणूस दहातल्या नऊ वेळा देण्याघेण्याची भाषा करतो. मी ती वाक्यं इतकी ऐकली होती की पुढचं ऐकायची गरजच वाटेना. मी म्हणालो, जे आहे ते पंचांसमोर. सरकारी दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. डॉक्टर दुपारी येणार होते, दोन तास थांबायचं होतं. मी थांबलो नाही. हवालदाराला म्हणालो, काढ पट्टी.

पट्टी वाळून घट्ट चिकटली होती. हवालदाराने ओढली. मास्तर ओरडला नाही, त्याने टेबलाची कड धरली. पट्टीबरोबर खपल्या आल्या, आणि खपल्यांबरोबर मसुराच्या डाळीएवढे मांसाचे बारीक तुकडे, प्रत्येकात चार-सहा केस. कपाळाच्या वर गोल गोल भोकं होती, ओळीने, आणि त्यातून रक्त यायला लागलं. मुसळाची जखम अशी नसते, एवढं मलाही कळलं. हवालदाराने मान खाली घातली. डोक्याच्या मागच्या बाजूला पाहिलं तर तिथेही तशीच भोकं, केस भादरलेले.

मग तो पंचांसमोरच बोलला, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मागचे केस काढून फुडं लावून घेतलेत साहेब. मुंबईला जाऊन. आठ दिस पट्टीला हात लावू नको म्हनलाय डॉक्टर."

त्याला विसाव्या वर्षापासून टक्कल पडायला लागलं होतं. तो कायम टोपी घालायचा, शाळेतही. बसवकल्याण तालुक्यातल्या राजेश्वरला त्याची सोयरीक जुळत आली होती. मुलगी त्याने पाहिली होती, त्याला आवडली होती. कुंकवाचा कार्यक्रम, म्हणजे साखरपुडा, मार्गशीर्षात व्हायचा होता. आमच्या भागात कुंकवाला मुलीचा बाप चारचौघांसमोर मुलाच्या डोक्यावर नवी टोपी घालतो. त्याआधी जुनी काढावी लागते. ती एक घटका या पोराच्या छातीवर धोंड होऊन बसली होती. मुंबईत आधी ज्या डॉक्टरकडे तो गेला, त्याने स्पष्ट सांगितलं होतं: तू फार लहान आहेस, तुझे केस अजून किती मागे जाणार ते ठरलेलं नाही, तिशीपर्यंत थांब. आज पुढे लावले आणि उद्या मधले गेले तर आहे त्यापेक्षा वाईट दिसेल. तो डॉक्टर थांब म्हणाला आणि मार्गशीर्ष काही थांबत नव्हता. याने दुसरा डॉक्टर गाठला. त्याने विचारलं नाही, लावून दिले. चार महिन्यांत नवे केस येतील असा हिशेब होता.

पंचायतीचा तो सदस्य मुलीकडच्यांच्या नात्यातला निघाला. म्हणून मास्तर त्याला बाहेर पाठवा म्हणत होता.

दुपारी डॉक्टर आले. त्यांनी जखमा धुतल्या, उरलेले तुकडे किती धरतील सांगता येत नाही म्हणाले, आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. मी मास्तरला जीपने घरी सोडायला सांगितलं. तो म्हणाला, जीप नको, चालत जातो.

चार दिवसांनी खरा चोर सापडला. सीमेपलीकडच्या एका दवाखान्यात डोक्याला टाके घातलेला माणूस आल्याची चिठ्ठी तिकडच्या ठाण्याने पाठवली. तो म्हातारीच्याच लांबच्या नात्यातला होता. बोरमाळ त्याच्या मेव्हण्याच्या घरी धान्याच्या कणगीत सापडली. वरून शाबासकी आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरही मिळाला आणि संन्याशाची फाशीही चुकली नाही. स्टेशन डायरीत मी मास्तरबद्दल एक ओळ लिहिली: संशयित निर्दोष आढळल्याने सोडून दिले.

मन खात होतं. राजेश्वरहून सोयरीक मोडल्याचा निरोप आला असं न्हावीच सांगून गेला. मी साध्या कपड्यांत राजेश्वरला गेलो. मुलीचा बाप शेतकरी, गावात मान असलेला. ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, पोरगं निर्दोष आहे, टकलाचं एवढं मनावर घेऊ नका. म्हाताऱ्याने शांतपणे आपला रुमाल सोडला. डोकं तांब्याच्या गडव्यासारखं चकचकीत.

"माझ्या बापाचंबी असंच हुतं," तो म्हणाला. "टोपी घालायला डोस्कं लागतंय साहेब, केस न्हाई. केसाचं कुनी इचारलंबी न्हाई. पोरीला तर म्हाईतच हुतं, तिच्या भावानं बसस्टँडवर बघितलं हुतं त्येला टोपी काढून घाम पुसताना. हसली हुती नुसती."

मग मोडली कशाला, मी विचारलं.

"बाजारात पोलिसाच्या जीपीत बसला पोरगा. आख्ख्या दोन तालुक्यानं बघितलं."

मी म्हणालो, मी लेखी देतो तो निर्दोष आहे म्हणून. तो म्हणाला, "तुमी द्याल कागद. म्या कुना-कुनाला वाचून दावत फिरू?"

मी उठलो. परत येताना ठरवत होतो की मास्तरला जाऊन हे सांगायचं. वाटेत त्याच्या गावाचा फाटा आला. मी ड्रायव्हरला थांब म्हणालो नाही.

कारण हे सांगायचं तर दोन्ही अर्धी सांगावी लागली असती. तुझं टक्कल त्यांना चाललं असतं, हे एक अर्धं. आणि तुझी सोयरीक माझ्यामुळे मोडली, हे दुसरं. मास्तर समजून चालला होता की टकलाची बातमी गेली आणि नकार आला. त्या समजुतीत मी सुटत होतो. मी त्याला त्याच समजुतीत ठेवला.

दोन-अडीच वर्षांनी गुलबर्ग्याच्या बसस्टँडवर तो भेटला. मला टाळेल असं वाटलं, पण तो स्वतःहून आला. चहा घेऊ म्हणाला. थोडा वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने विचारलं, "साहेब, पुन्हा एकदा लावून घ्यावं म्हनायलो. पयले निम्मे गेले, त्येच्यामागचेबी गळायलेत. एक डॉक्टर थांब म्हनतोय, एक लावतो म्हनतोय. दुसऱ्या कुनाला इचारू? हे तुमालाच म्हाईत हाय. तिकडच्यांनी टक्कल बघूनच मोडलं, न्हवं? आता कुनी तसं मोडू नये."

ते वाक्य माझ्या तोंडात होतं. टोपी घालायला डोकं लागतं, केस नाही, असं तो म्हातारा म्हणाला होता, एवढंच सांगायचं होतं. पोरीला माहीत होतं, हे सांगायचं होतं. मी कपातला चहा संपवला आणि म्हणालो, बघ बाबा, तुझं तू ठरव. त्याने मान हलवली. पोलीस अधिकाऱ्याने काही न सांगणं म्हणजे हरकत नाही, असं त्याने धरलं असावं. पुढच्याच सुट्टीत तो मुंबईला गेला.

निवृत्त झाल्यावर, पहिल्याच महिन्यात, मी त्याच्या गावी गेलो. तो चाळिशी ओलांडलेला, उशिरा लग्न केलेला, एका मुलीचा बाप. घरात टोपी नव्हती डोक्यावर. पहिल्या डॉक्टरने सांगितलं होतं तसंच झालं होतं. मधले सगळे केस गेले होते, आणि पुढे कपाळावर लावलेले तेवढे उरले होते, ओळीत टोकलेल्या बियाण्यासारखे, एकेक झुबका वेगळा. मागचे केस उतरल्याने डोक्यामागच्या गोल खुणा दिसत होत्या. आता काही करता येत नाही, म्हणाला. मागे काढायला केसच राहिले नाहीत. पोरं शाळेत नावं ठेवतात, सवय झाली.

मग मी त्याला राजेश्वरचं सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचं बोलणं, मुलीचं हसणं, जीप, कागद. मी का सांगितलं नाही तेही सांगितलं. नोकरीत मी कुणाची माफी मागितली नव्हती, ती तेव्हा मागितली.

त्याने आत पाहिलं. त्याची मुलगी आत धडा वाचत होती. मग तो म्हणाला, "बसस्टँडवर सांगितलं असतं तर म्या गेलो नसतो साहेब."

एवढंच बोलला, आणि चहाला थांबा म्हणाला. मी थांबलो.

तपास कसा करायचा ते मी पुढे पुष्कळ पोरांना शिकवलं: जखम पाहायची ती डॉक्टरसमोर, पंच घ्यायचे ते संशयिताच्या सोयऱ्यातले नकोत, एकट्यात बोलायचं म्हणणाऱ्याचं आधी ऐकून घ्यायचं. हे सगळं खरंच आहे आणि उपयोगाचंही आहे. पण माझ्या हातून जे खरं बिघडलं ते ठाण्यात नाही. ते बसस्टँडवर, चहाच्या टपरीवर, कुठलाही गुन्हा दाखल नसताना बिघडलं, आणि तिथे मला फक्त खरं बोलायचं होतं.