सुखी म्हणणारा शेजारी

शारजाला आमच्या बिल्डिंगमध्ये एक आइसलँडचा माणूस राहायचा. ट्रॅफिक तुंबायच्या आत दुबई गाठायची म्हणून आम्ही नवरा-बायको भल्या सकाळी निघायचो, तेव्हा तो लिफ्टमध्ये भेटायचा. टाय गुंडाळून खिशात ठेवलेला. नाव आम्ही कधी विचारलं नाही, त्यानंही नाही.

गुड मॉर्निंगऐवजी तो त्याच्या भाषेतला एक शब्द म्हणायचा. मी एकटा असलो तर ‘साइट्ल’, आम्ही दोघं असलो तर ‘साइल’. अर्थ सुखी, भाग्यवान. “याच मुळातल्या शब्दाचं इंग्रजांनी पुढे सिली करून टाकलं,” हे तो अजिबात न हसता सांगायचा. मी त्याला उलट ‘साइट्ल’ म्हणायला गेलो की माझं चुकायचं, आणि तळमजला येईपर्यंत तो ते सुधारत राहायचा.

२००८च्या मंदीत बायकोची नोकरी गेली. तिला आणि मुलीला पुण्याला पाठवून मी फ्लॅटमध्ये दोन बॅचलर ठेवून घेतले. त्याच्या देशातल्या बँकाही बुडाल्याचं पेपरात आलं होतं. त्या आठवड्यात लिफ्टमध्ये तो मला ‘साइल’ म्हणाला.

“आता मी एकटाच आहे,” मी म्हटलं.

“माहीत आहे. पण एकट्याचं रूप लावून घेतलं, की तेच अंगवळणी पडतं.”

पुढच्या उन्हाळ्यात तो बॅगा घेऊन निघाला. त्याच्यासोबत आम्हाला कधीच कुणी दिसलं नव्हतं, त्या दिवशीही कुणी नव्हतं. लिफ्टचं दार उघडल्यावर मी त्याला ‘साइल’ म्हटलं.

त्यानं ते सुधारलं नाही.